पट्टा थांबवायचा कुणी?

मार्लिस टोलेफसनला आमच्या पट्ट्याची मुकादम केलं तेव्हा मला काही बरं वाटलं नव्हतं, खरं सांगतो. मी वरचा, ती खालची. मिनेसोटातल्या आमच्या डुलुथ गावातली दोन हॉस्पिटलं एकत्र झाली आणि टेकडीवरच्या स्वयंपाकघरातले आम्ही न् सरोवराकाठच्या स्वयंपाकघरातले ते, असे चौदाजण पेशंटांच्या जेवणाचे ट्रे भरायला एकाच सरकत्या पट्ट्याला जुंपले गेलो. मॅनेजर ड्वाइटने बजावलं होतं, "ईस्टरपर्यंत दुपारचे अडीचशे ट्रे सव्वा तासात निघाले तर ठीक. नाहीतर जेवण बाहेरून बंद डब्यांत येईल, तुम्ही घरी." मार्लिस अठ्ठावन्न वर्षांची, एकोणिसाव्या वर्षापासून याच कामात. तिला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

ड्वाइटला वाटलं, आम्ही भांडू. कसलं काय. सगळे इतके गोड वागत होते की किळस यावी. पट्टा सरकायचा, मी सूप ठेवायचो, पुढे खालच्यांतली लावोन गरम ताट ठेवायची. तिचं ताट राहिलं तरी पट्टा थांबवा म्हणायची तिची छाती नव्हती, आणि राहिलंय हे तिला सांगायची माझी नव्हती. उगाच कशाला कुणाला ओशाळं करा? आम्हा मिनेसोटाच्या माणसांचं हे असंच. अर्धे ट्रे अपुरे जायचे. टोकाला उभी मार्लिस धावत धावत ते भरून काढायची आणि तीही चकार शब्द बोलायची नाही. रोज पंचाण्णव मिनिटं लागायची, आणि तिचे पाय सुजायचे.

ईस्टरला तीन आठवडे असताना लावोनने लिंबाच्या वड्या आणल्या. बघता बघता एक उरली. आमच्यात शेवटचा घास कुणी उचलत नाही. एकाने तिची अर्धी कापून घेतली, दुसऱ्याने अर्ध्याची अर्धी, मग मी. असं करत करत नखाएवढा तुकडा राहिला, आणि आम्ही त्याच्याकडे बघत मुकाट कॉफी पीत बसलो.

मार्लिसने तो उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

"झालं," ती म्हणाली. "मेलं का कुणी? आता बोला, कुणाचं काय बिनसलंय ते. तुमच्या सभ्यपणापायी तीन आठवड्यांनी मी घरी बसणार आहे."

मग लावोन माझ्याकडे वळली. "रूडी, तू सूप काठोकाठ भरतोस. ते सांडतं आणि मला पुसत बसावं लागतं."

"मग दोन महिने बोलली का नाहीस, बाई?"

"मला वाटलं, तुम्हा वरच्यांत तसंच भरत असतील."

"आणि तू पट्ट्याकडे पाठ करून गप्पा मारतेस, त्याचं काय?"

मग जे सुरू झालं ते विचारू नका. चमचे कुठल्या बाजूला ठेवायचे इथपासून कुणाच्या जुन्या मॅनेजरची अक्कल किती इथपर्यंत, चाळीस मिनिटं कडाकडा भांडलो. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, मजाही आली.

उठताना मार्लिसने दोनच नियम घातले. मागे पडलं की चमचा वाजवून पट्टा थांबवायचा, आणि थांबवला म्हणून माफी मागायची नाही. दुसरा आम्हाला फार जड गेला. पहिल्या दिवशी पट्टा एकतीस वेळा थांबला, दोन तास लागले, ड्वाइटने कपाळावर हात मारला. पुढच्या आठवड्यात दिवसाला बारा वेळा, मग चार. लावोनचा हात अडला की मी न सांगता तिची झाकणं लावू लागलो. सूपही आता बोटभर कमी भरत होतो.

शेवटच्या दिवशी ड्वाइट घड्याळ घेऊन उभा राहिला. दोनशे ट्रे झाले, आणि पथ्याचे अकरा ट्रे एकदम टोकाला आले. चमचा वाजला. मार्लिसने वाजवला होता. आजवर तिने तो एकदाही वाजवला नव्हता.

"मला हे एकटीला जमत नाहीये," ती म्हणाली. "कुणीतरी या."

आम्ही तिघं धावलो. ट्रेवरची पथ्याची एकेक चिठ्ठी वाचून ट्रे भरले, पट्टा पुन्हा सुरू केला. शेवटचा ट्रे त्र्याहत्तराव्या मिनिटाला गेला. ड्वाइटने आम्हाला ठेवायच्या कागदावर तिथेच सही केली. स्वयंपाकघर राहिलं.

मार्लिस एका उलट्या क्रेटवर बसली. मी म्हटलं, "काय गं, त्याच्यासमोर थांबवलंस? नोकरी गेली असती की."

"एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला या म्हटलं, रूडी," ती म्हणाली. "आणि तुम्ही आलात रे."

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. आमच्यापैकी एकानेही तोंड फिरवलं नाही.