लाल बिल्ला

कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या साचतात ना, तसे आमच्या युनिटमध्ये किस्से साचतात. चिंध्यांचं पोतं शनिवारी भंगारवाला उचलतो, किस्से न्यायला कोणीच येत नाही! जळगावच्या एमआयडीसीत शिलाईच्या कारखान्यात मी लाईन सुपरवायझर आहे. माझ्या लाईनला चाळीस बायका. त्यांच्यातले निम्मे किस्से एकट्या सुमनअक्काचे. अक्का पन्नाशीची, अमळनेरकडची, आणि बोलणं अजून पक्कं तिकडचंच.

*

ऐन मे महिन्यात आम्ही काय शिवतो? थंडीची जाकिटं! परदेशात हिवाळ्यात माल पोचायला हवा, म्हणून ऑर्डर उन्हाळ्यात. वर पत्रा तापलेला, मांडीवर जाड अस्तराचं जाकीट. कूलर एकच, त्याचंही तोंड पॅकिंगच्या मालाकडे. मालाला घामाचा डाग लागला की पीस रिजेक्ट!

एकदा अक्कानं जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या लोके कोठे राहतस वं? त्यास्ना गावले माले मे महिनाभर धाडी दे!"

*

अक्का अकरा वर्षं कॉलर शिवतेय. फक्त कॉलर. तिच्या शेजारची फक्त बाही, तिच्या पुढची फक्त खिसा. आख्खा शर्ट आमच्यात एकीलाही शिवता येत नाही, आणि रोज शेकड्यानं शर्ट बाहेर पडतात.

तिची सून एकदा लाडात येऊन म्हणाली, "आई, एवढ्या मोठ्या कंपनीत आहात, मला एक ब्लाऊज शिवून द्या ना."

अक्का म्हणाली, "तुना ब्लाऊजले कॉलर व्हई ते सांग!"

*

आता बिल्ल्याचं सांगते. आमच्याकडे बाथरूमला जायचं तर माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्यावरचा लाल कापडी बिल्ला गळ्यात घालून जायचं. बायका चाळीस, बिल्ला एक. गेलेली परत येईपर्यंत बाकीच्यांनी कळ काढायची. मॅनेजरसाहेबांचा नियम, टार्गेटसाठी. मला लाज वाटायची, पण सकाळी तो बिल्ला खिळ्याला अडकवणारी मीच होते.

अक्काला शुगर. तिला तासातासाला जावं लागायचं. मान वर करून बघायची, खिळा रिकामा दिसला की पुन्हा खाली घालायची. शेवटी तिनं स्वतःच उपाय काढला. पाणीच बंद केलं. सकाळी घरून निघाली की सुटी होईपर्यंत घोटभरसुद्धा नाही.

मी चिडले तर म्हणाली, "पानी पिनं की जानं पडस, पोरी."

एका दुपारी ती मशीनवरच कलंडली. मी धावत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि आधी काय विचारावं? "कॉलर वल्ली झाई का वं?"

मला रडूच आलं. तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही अशीच बिनपाण्याची राहिली तर किडनीवर येईल. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "एकीला सूट दिली तर उद्या चाळीस जणी मागतील!"

*

मग माल घेणाऱ्या कंपनीकडून तपासणीच्या मॅडम आल्या. त्या दिवशी बिल्ला ड्रॉवरमध्ये आणि प्रत्येक मशीनवर नवी कोरी पाण्याची बाटली! काय विचारतील, काय सांगायचं, सगळं साहेबांनी आदल्या दिवशी आमच्याकडून घोकून घेतलेलं.

मॅडम नेमक्या अक्काजवळ थांबल्या. "पाणी मिळतं ना मावशी?"

"मिळतं ना! आजच मिळालं," अक्का शुद्ध मराठीत म्हणाली. "तुम्ही रोज येत जा!"

मॅडम हसल्या, वहीत काहीतरी लिहून पुढे गेल्या. सुटीच्या वेळी बाटल्या गोळा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ला पुन्हा खिळ्यावर.

*

त्या शनिवारी भंगारवाल्याच्या पोत्यात लाल चिंधी एकही नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, तरी पोत्याचं तोंड मीच बांधून दिलं.

सोमवारी साहेब जेवायला घरी गेले आणि जेवणाच्या सुटीत आमची लाईन सुरू झाली. एकीनं कापलं, दुसरीनं दुमडलं, तिसरीनं कडा मारल्या, चौथीनं पांढरी नाडी लावली. प्रत्येक पीस शेवटी अक्काकडे. गळ्यात घालायची वस्तू, म्हणजे काम तिचंच! मी मशीनकडे पाठ करून डबा खात बसले. मुद्दाम.

साहेब परत आले तर चाळीस गळ्यांत चाळीस लाल बिल्ले. सगळ्या माना खाली, सगळी मशीनं चालू. साहेबांनी दोनतीन बिल्ले ओढून, उलटून पाहिले. मग माझ्याकडे वळले, "यातला आपला कोणता? चेक कर!"

 मी पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत गेले, एकेक बिल्ला हातात घेऊन शिलाई पाहिली.

"साहेब," मी म्हटलं, "एकाही पीसमध्ये फॉल्ट नाही."

तेवढ्यात अक्का उठली. तिनं हातातला एक्केचाळिसावा बिल्ला साहेबांपुढे धरला. "साहेब, तुमनाबी शिवेल शे."

साहेबांनी तो घेतला. का घेतला, कोण जाणे.

अक्का कोणाला न विचारता चालू लागली. बाथरूम डावीकडे. ती आधी उजवीकडे वळली, पाण्याच्या टाकीशी थांबली आणि एक ग्लास भरून प्यायली. मग दुसरा भरला.