आईची दोन वाक्यं

आमच्या सातपूरच्या कामगार वसाहतीत नळाला पाणी पहाटे यायचं आणि उजाडेपर्यंत जायचं. डिसेंबरच्या थंडीत हंड्याला हात लावला की बोटं बधिर व्हायची. आईला दमा होता, तरी ती स्वेटरवर शाल गुंडाळून नळापाशी बसायची. वडील पहिल्या पाळीला गेलेले असायचे आणि मी एकटी भरायला लागले की निम्मी भांडी रिकामीच राहायची.

आमचा नगरसेवक याच गल्लीत वाढलेला. आई घरीच बालवाडी चालवायची, त्या बालवाडीत तो होता. त्याची आई कॅन्टीनमध्ये कामाला जायची, म्हणून बालवाडी सुटल्यावरही तो आमच्याकडेच जेवायचा, झोपायचा. आईला मावशी म्हणायचा, नगरसेवक झाल्यावरही. त्याच्या पहिल्या निवडणुकीत आई त्याच्यासाठी दारोदार फिरली होती. "माझ्या हाताखालचं पोर आहे, पाण्याचं बघेल," असं तिनं बायकांना सांगितलं. बायकांनी मतं दिली ती तिच्या तोंडाकडे बघून. त्यामुळे पाण्याचा घोळ झाला की त्या आईकडेच बघायच्या आणि आई मान खाली घालायची.

शतक उलटून एखादं वर्ष झालं असेल. डिसेंबर संपत आला होता आणि दुसरी निवडणूक तोंडावर होती. एका संध्याकाळी तो घरी आला.

"मावशी, वर्षाचा शेवट तुमच्या सत्कारानं करायचाय. मंत्री येणारेत."

"सत्कार राहू दे," वडील म्हणाले, "नळाचं बघ."

"काका, फाइल वर गेलीय. तेवढी सही बाकी आहे."

तो गेल्यावर आई म्हणाली, "मंत्र्यांसमोर मीच बोलते. दोनच वाक्यं." शेजारच्या सायखेड्याच्या काकू म्हणाल्या, "बोला बाई. तुमच्या हातचं खाल्लंय त्यानं, तुमचं ऐकल तो."

मग पोळ्या लाटताना आई ती वाक्यं पुटपुटायची. मला पाठ झाली होती. 'बाळा, तू मोठा झालास, आम्हाला आनंद आहे. आता बायकांना उजाडल्यावर पाणी मिळेल एवढं कर.'

एकतीस तारखेला संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. स्टेजच्या मागे 'पाणी वाचवा' असा मोठा फलक होता. धूळ उडू नये म्हणून दुपारी टँकरनं सगळ्या मैदानावर पाणी मारलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका त्या ओल्या मातीकडे बघत उभ्या होत्या.

आईनं ठेवणीतली रेशमी साडी नेसली होती. स्टेजवर स्वेटर बरा दिसत नाही म्हणून तिनं तो घरीच ठेवला. मंत्र्यांना उशीर झाला. अंधार पडला, मैदानातून गारवा वर यायला लागला आणि ती खुर्चीत पदर गळ्याशी धरून बसून राहिली. शेवटी नगरसेवकानंच भाषण सुरू केलं. "थेंब न थेंब जपायला मला या मावशीनं शिकवलं," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. शाल, नारळ झाला. आई माइकपाशी गेली, घसा साफ केला, "बाळा" म्हणाली, आणि तेवढ्यात मंत्र्यांच्या गाड्यांचे हॉर्न वाजले. सगळे खाली धावले, तोही. निवेदकानं माइक काढून घेतला आणि म्हणाला, "आजी, बसून घ्या."

ती नारळ धरून तशीच उभी राहिली. मी वर जाऊन तिचा हात धरला.

"घाईत होता गं तो," ती वाटेत म्हणाली.

दारात काकूंनी विचारलं, "बोलल्या का वो बाई?"

"राहिलं," आई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मग छाती भरली. दवाखान्यात ठेवलं तेव्हा वडिलांनी त्याच्या ऑफिसला फोन केला. साहेब दौऱ्यावर आहेत, असं उत्तर आलं.

"तो आला होता का?" आईनं विचारलं.

"येऊन गेला," वडील म्हणाले. "तू झोपली होतीस."

वडील तिच्याशी कधी खोटं बोलत नसत. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग डोळे मिटून घेतले. संक्रांतीच्या आधीच ती गेली.

तो अंत्यविधीला आला आणि रडला. खरंच रडला. ते अश्रू खोटे असते तर मला सोपं गेलं असतं.

पंधरवड्यात त्याची पत्रकं घरोघर पडली. त्यांवर सत्काराचा फोटो होता, खाली 'मावशींचा आशीर्वाद' असं छापलेलं. वडील मला घेऊन त्याच्या ऑफिसात गेले.

"फोटो काढ," ते म्हणाले.

"काका, लोकांना मावशी आवडायच्या."

"म्हणूनच म्हणतो."

त्यानं हात जोडले. पत्रकं वाटणं थांबलं नाही. तो निवडून आला. नळाची वेळ आम्ही तिथं होतो तोवर बदलली नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले नाहीत. गल्लीभर गुलाल आणि पत्रकं पडली होती, लोकांच्या चपलांखाली येत होती. वडील वाकून एकेक उचलत होते. काही गटारात होती, तीही त्यांनी काढली आणि आईच्या चेहऱ्यावरचा चिखल रुमालानं पुसला. थोड्या वेळानं सायखेड्याच्या काकू बाहेर आल्या आणि त्यांच्याबरोबर उचलू लागल्या.