सोमवारची गोळी

माझ्या फोनमध्ये माझ्याच आवाजातला एक निरोप आहे, पाऊण मिनिटाचा. तो मी पुसलेला नाही, आणि ऐकायची हिंमतही फारशी होत नाही. त्यात मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगतोय, "अक्का, सोमवारी उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही. मी नीट बघितलंय, अगदी खात्रीच्या ठिकाणी बघितलंय. त्या गोळीनं साखर एकदम खाली जात नाही. पूजा झाली की पाण्याबरोबर घेऊन टाक. काही घाबरू नकोस." आवाज इतका ठाम आहे की त्या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

मी सोलापुरातल्या एका शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त मास्तराला समोर वर्ग लागतो. तो मिळेना, तेव्हा मी नातेवाइकांचाच वर्ग भरवला. घरच्या ग्रुपवर कुणी कारल्याच्या रसानं साखर कायमची जाते असलं काही पाठवलं की मी तुटून पडायचो. हे कुणी लिहिलंय? कधी लिहिलंय? लिहिणारा शेवटी काही विकतोय का? माझे हे तीन प्रश्न सगळ्यांना पाठ झाले होते. भाचेमंडळी चिडवायची, "हेडमास्तर आले, रस लपवा!" मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर माणसांच्या तब्येतीपेक्षा त्यांच्या चुका पकडण्यातच मला गोडी होती. पण हळूहळू लोक मला विचारायला लागले. कुणाच्या गोळीनं पाय सुजतात, कुणाचं औषध दुधाबरोबर चालतं का, असलं सगळं. मी चष्मा लावून बसायचो, चांगल्या सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयांच्या साइट शोधायचो, इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायचो. कुणी आभार मानले की दिवसभर छाती फुगलेली असायची.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमचं मूळ घर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. म्हणून ती अक्का आणि मी तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस पांढरे झाले तरी तम्माच. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण आई शेतात जायची आणि मला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. उलट "आमचा तम्मा लई शिकलाय" हे ती अशा तोऱ्यात सांगते की जणू तिनंच परीक्षा दिल्या.

आम्ही लिंगायत, अक्काच्या गळ्यात इष्टलिंग असतं. सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नाही. श्रावणातल्या सोमवारी तर पूजेनंतरही फक्त पाणी. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळातून आल्यावर मग जेवण. गेली पन्नास वर्षं हे चाललंय. तिला साखर आहे हे मध्येच कधीतरी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. म्हणजे त्या गोळीचा हा पहिलाच श्रावण.

"तम्मा, ही नवी गोळी सोमवारी घ्यायची का न्हाई, बघून सांग की," तिनं फोनवर विचारलं.

मी म्हटलं, पाकिटाचा फोटो पाठव. फोटो तिच्या सुनेनं काढला. सूनबाई करमाळ्याची, मोजकं बोलणारी, तिला कन्नड येत नाही. फोटोत ट्यूबलाइटचा झोत पाकिटावर पडून वरची ओळ चमकत होती, काही वाचता येत नव्हतं. खालची ओळ मात्र स्वच्छ दिसत होती. तिच्यात औषधाचं नाव होतं, आणि ते मला ओळखीचं होतं. मी तेवढंच टाइप केलं.

पहिलंच पान एका परदेशी सरकारी आरोग्य विभागाचं निघालं. माझ्या तिन्ही प्रश्नांत ते पास झालं. लिहिणारे जाणकार, तारीख ताजी, विकायला काही नाही. त्यात लिहिलं होतं की हे औषध आपल्या मनानं बंद करू नका, आणि यानं साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. मला हवं ते मिळालं होतं. मी पान बंद केलं आणि तो निरोप बोलून टाकला.

त्यानंतर लगेच सूनबाईचा फोन आला. "मामा, डॉक्टरांना एकदा विचारून घेऊ का? गोळी बदलताना त्यांनी उपाशी राहण्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं." मी म्हणालो, "एवढ्याशा गोष्टीसाठी कुठं रांगेत बसतेस? मी बघितलंय ना." तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, पटलं.

पहिल्या सोमवारी दुपारी अक्काला हातापायांना कापरं भरलं. तिनं फोन केला. मी सांगितलं, वय झालं, आता उपवास पूर्वीसारखा सोसत नाही, थोडा चहा घे. तिनं गोड चहा घेतला, बरं वाटलं. चहानं उपवास मोडला याचीच तिला जास्त रुखरुख लागली. पुढच्या सोमवारी काही झालं तरी चहाला शिवायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

पुढच्या सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला सूनबाईचा फोन आला, "मामा, लवकर या." मी स्कूटर काढली. पोहोचलो तर पुढची खोली बायकांनी भरलेली. अक्का संध्याकाळसाठी शेंगापोळीचं कूट करायला बसली होती, तशीच भिंतीला टेकली होती. लुगडं घामानं चिंब. डोळे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हते. डोकं हळूहळू डोलत होतं आणि ती पुटपुटत होती, कन्नडमध्ये, लहानपणी आईला हाक मारायची तसं, "अव्वा, अव्वा." शेजारणींनी तिच्या कपाळभर विभूती फासली होती. एकजण पाया पडून विचारत होती, माझ्या पोरीचं कधी जमंल? श्रावणी सोमवार, कडक उपवास, घामाघूम होऊन डोलणारी म्हातारी. त्यांच्या हिशेबानं अंगात आलं होतं.

आणि मी काय केलं? मी दारातच उभा राहून त्या बायकांना झापायला लागलो. शिकून सवरून अडाणीपणा करता, कुठल्या शतकात राहता, वगैरे. चांगली चार-पाच वाक्यं झाली. माझा आवाज शाळेत लागायचा तसा लागला होता. सूनबाई तोपर्यंत वाटीत साखर भिजवून अक्काच्या हिरड्यांवर बोटानं चोळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मामा, ते नंतर. रिक्षा थांबवा आधी."

मी रिक्षा थांबवायला पळालो.

दवाखान्यात हाताला सुई लावून साखरेचं पाणी सोडलं, आणि थोड्याच वेळात अक्का परत अक्का झाली. "कूट झाकून ठिवलंय का गं?" हा तिचा पहिला प्रश्न. मला हसू आणि रडू एकदम आलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पाकीट बघितलं, अक्काकडे बघितलं, आणि विचारलं, "आजी, दिवसभर उपाशी होतात आणि ही गोळी घेतलीत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. अक्कानं बघितलं नाही.

"कोन सांगनार? मीच घेतली की," अक्का म्हणाली. "आमाला काय कळतंय त्यातलं."

मी चष्मा काढून पुसत होतो. तो स्वच्छच होता. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना? तुम्ही शिकलेले दिसता. यांच्या औषधांकडे जरा लक्ष देत जा." मी मान हलवली. म्हणालो, "हो, देईन." एवढंच म्हणालो. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं, आणि मला ते कळत होतं, आणि तरी मी चष्मा पुसत राहिलो. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी चुकलो असेन, पण एवढी लाज मला कशाचीच वाटत नाही.

घरी येऊन मी तेच पान पुन्हा उघडलं. ते खोटं बोलत नव्हतं. मी जिथं वाचायचं थांबलो होतो, त्याच्या दोनच ओळी खाली स्पष्ट लिहिलं होतं की साखरेचं दुसरं एखादं औषध सोबत असेल तर साखर धोकादायक उतरू शकते. मग सूनबाईकडून पाकिटाचा नीट फोटो मागवला. एकाच गोळीत दोन औषधं होती. झोताखाली लपलेलं वरचं नाव मी टाइप केलं, तर पहिल्याच पानावर होतं, ही जेवणाबरोबर घ्यावी, जेवण चुकणार असेल तर डॉक्टरांना विचारावं. हे शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही. चमकणारी ओळ दिसत नाही, दुसरा फोटो पाठवा, एवढं मी आधी का म्हणालो नाही? कारण उत्तर द्यायची घाई होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायला माझ्याकडे तीन प्रश्न होते, स्वतःला विचारायला एकही नव्हता.

तीन दिवसांनी मी अक्काकडे गेलो आणि म्हणालो, "अक्का, चूक माझी होती. मी तुला मरणाच्या दारात नेलं, आणि वर डॉक्टरांसमोर गप्प बसलो."

ती शेंगा सोलत होती. "ठाऊक हाय की मला," ती म्हणाली. "म्हणून काय चारचौघांत तुझं नाव घिऊ व्हय?"

"घ्यायला हवं होतंस."

"साक, साक," ती म्हणाली. कन्नडमध्ये साक म्हणजे पुरे. विषय तिच्यापुरता संपला होता.

माझा निरोप मात्र तिच्याजवळ थांबला नव्हता. चहा ठेवता ठेवता सूनबाईनं सांगितलं, "आईंनी तुमचं ते बोलणं भजनाच्या बायकांना पाठवलं होतं, तेव्हाच. माझा भाऊ सांगतोय म्हणून." त्या बायका म्हणजे अक्कासोबत सोमवार करणाऱ्या तीसेक जणी. त्यातल्या किती जणींना साखर आहे, कोण कुठली गोळी घेतं, काही माहीत नाही. पुढचा सोमवार चार दिवसांवर होता. कुठल्या तरी घरात माझा तो ठाम आवाज अजून वाजत होता, आणि तो मला परत घेता येत नव्हता.

घरी येऊन मी नवा निरोप बोलायला बसलो. दहा वेळा बोललो, दहा वेळा पुसला. प्रत्येक वेळी माझी चूक कशी सहज होणारी होती हेच त्यात जास्त यायचं. एकदा तर मी "काही लोकांकडून गैरसमज झालेला दिसतो" असंही म्हणालो. स्वतःचीच किळस आली. अकराव्यांदा नुसतं म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं होतं. त्यामुळं अक्काचा जीव जाता जाता वाचला. उपवासाला कुठली गोळी घ्यायची हे ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच विचारा." सूनबाईनं तो ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो चौघींनी ऐकला. पहिला सगळ्यांनी ऐकला होता.

म्हणून रविवारी सकाळी मी भजनाला गेलो. अक्का नको नको म्हणत होती, "बायका काय म्हनतील तुला." मी भजन संपेपर्यंत मागे बसलो. मग उभा राहिलो आणि नव्या निरोपात जे बोललो होतो तेच तोंडानं सांगितलं. इतकी वर्षं वर्गापुढे उभा राहिलो, पण असा कधीच नाही. मागच्या सोमवारी मी ज्यांना अडाणी म्हणालो होतो, त्यातल्या दोघी-तिघी समोरच होत्या. त्यांचीही माफी मागितली. एकीनं मला बसायला सतरंजी सरकवून दिली.

बायका उठायला लागल्या तेव्हा एक म्हातारी माझ्याजवळ आली. कमरेची पिशवी उघडून तिनं एक चुरगळलेलं पाकीट काढलं आणि माझ्या पुढ्यात धरलं.

"ते समदं खरं, दादा," ती म्हणाली. "पर तुमी शिकल्यालं. ही माझी बीपीची हाय. ही तेवढी बघून सांगा की, उद्याला चालंल का?"

पाकिटावरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. ओळखीचंही होतं. मी म्हणालो, "मावशी, डॉक्टरांनाच विचारा." ती जरा हिरमुसली, पाकीट पिशवीत ठेवू लागली. अक्का तिच्या मागेच उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. तेव्हा मला कळलं की तो हात सदऱ्याच्या खिशात गेलाय आणि त्यानं फोन अर्धा बाहेर काढलाय.