घरजावई बाहुला

डांबरगोळ्यांचा वास मुरलेली लोकर हातात घेतली की मला पूर्णेची रेल्वेची क्वार्टरं आठवतात. शेजारच्या गार्डाच्या मुलीकडे चिनी मातीची बाहुली होती. तिच्या आईनं बाहुलीला लाल लोकरीचा झगा विणला होता. तो पाहून मी जळायची. ती बाहुली सून होऊन घरी येईल तेव्हा झगाही येईल, असा हिशेब करून मी माझ्या चिंध्यांच्या बाहुल्याला वडिलांच्या फाटक्या शेरवानीतून इवलीशी शेरवानी शिवली आणि लग्न जमवलं. अक्षता पडल्या. सून उचलायला मी हात पुढं केला, तर गार्डाची मुलगी म्हणाली, "थांब गं! आमाला एकच लेक हाय. तुझा बाहुला घरजावई ऱ्हाईल." माझी आईच हसली, "विहीणबाई बरोबर बोलायल्यात!" शेरवानीसकट बाहुला गेला. आता घरात हव्या त्या रंगाची लोकर आहे. लाल लोकरीचा गुंडा मात्र मी अजून कुणाला देत नाही.