हरवलेल्या बंदुकीची खबर द्यायला लावणारे डोंगरवार साहेब

आदरणीय सदाशिवरावजी डोंगरवार साहेबांची आणि माझी पहिली भेट साकोलीच्या पोलीस ठाण्यात झाली. साहेब तिथे ठाणेदार होते. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते आणि ठाणेदार हा शब्द ऐकला तरी लोक वाट बदलत. मी जंगलाच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. यजमान नोकरीनिमित्त नागपूरला असत. घरी सासूबाई आणि सासरे सीतारामजी, म्हणजे आमचे मामाजी. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी मामाजींकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. घरात लग्नकार्य झाले, पाहुणे गेले आणि मग लक्षात आले की खुंटीवर बंदूक नाही.

मी म्हटले, "मामाजी, ठाण्यात सांगून या."

"तुले समजते का काही?" मामाजी एकदम कावले. "बंदूक गेली म्हणून सांगाले गेलो तं मलेच कोंडतीन. सापडन आपोआप."

दोन-तीन दिवस आम्ही तणसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग उपसले, विहिरीत गळ टाकला. मामाजींनी जेवण सोडल्यासारखेच केले. त्या बंदुकीने कुठे काय होईल या विचाराने मला वर्गात फळ्यावरची बेरीज सुचेना. शेवटी मामाजींना न सांगता मी बसने साकोलीला गेले.

साहेबांनी मला आधी खुर्ची दिली, पाणी मागवले. मी बंदुकीची हकिगत सांगितली. सगळे ऐकून त्यांनी विचारले, "बाई, घरचे तुम्हाला रागावतील ना?"

"हो."

"मग मी उद्या येतो. खबर सीतारामजींनी स्वतः दिली, असंच लिहू. तुमचं नाव मध्ये येणार नाही."

दुसऱ्या दिवशी ते साध्या कपड्यांत, सायकलवर आले. दारात पोलिसांची गाडी उभी राहिली असती, तर गावाने आमच्याशी बोलणे टाकले असते, हे त्यांना न सांगता कळत होते. मामाजी हात जोडून उभे होते. साहेब त्यांच्याशेजारी खाटेवर बसले आणि आधी धानाचे विचारले, मग डुकरांचे, मग बंदुकीचे. मामाजींनी खबर दिली, अंगठा उठवला.

साहेबांच्या स्वभावातील मोठेपण मला त्या दिवशी दिसले. त्यांचा कणखरपणा दिसायला मात्र आमच्यावर आणखी मोठे संकट यावे लागले.

चैत्रात मोहफुले वेचायला गेलेल्या आमच्या गावच्या सुभद्राबाईंच्या मांडीत छर्रे घुसले. झुडपात हालचाल दिसली म्हणून कुणीतरी डुक्कर समजून बार काढला आणि बाईची किंकाळी ऐकून पळून गेले. सुभद्राबाईंना बैलगाडीत घालून नेताना मी पाहिले. त्यांचे लुगडे रक्ताने भिजले होते आणि त्या एकच विचारत होत्या, "माह्या पोरीले कोण पाहीन?" बाई जगतील की नाही, याची काही दिवस कुणालाच खात्री नव्हती. बंदूक हरवलेली कुणाची, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. लोक आमच्या अंगणावरून जाताना मान फिरवू लागले. मामाजींना अटक करा, बंदूक हरवल्याचे सोंग आहे, असा वरून दबाव आला.

साहेबांनी अटक केली नाही. आपल्या वरिष्ठांना त्यांनी जे सांगितले, ते मला पुढे त्यांच्या एका हवालदारांकडून कळले. "जो माणूस स्वतः होऊन बंदूक गेली म्हणून सांगतो, त्यालाच बेड्या घातल्या, तर उद्या या तालुक्यात एकही माणूस सांगायला येणार नाही. मग गेलेली बंदूक आपल्याला गोळी सुटल्यावरच कळेल." यासाठी त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. बदलीची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर कित्येक महिने राहिली. घरी आजारी आई आणि शाळेत जाणारी मुले असताना त्यांनी हे ओढवून घेतले होते.

अटक टळल्याचे कळले तेव्हा मामाजी ओसरीवर मला बोलावून म्हणाले, "सूनबाई, साहेबाले बलाव. माह्या मनात एक गोष्ट खदखदून राहिली."

साहेब आले. मामाजी खाली मान घालून बोलले, "साहेब, लग्नात माहा भासा आला होता, नथ्थू. त्याले शिकारीचा नाद आहे. बहिणीचं पोरगं हाय, म्हणून मी तोंड उघडलं नाही."

त्याच दिवशी नथ्थूच्या शेतातल्या तणसीच्या ढिगात एक बंदूक सापडली. पण नळीवरचा नंबर कानशीने घासून टाकलेला होता. नथ्थू म्हणाला, ही मला जंगलात पडलेली मिळाली. आता ओळख पटवू शकणारा माणूस एकच उरला होता.

मामाजींबरोबर मी ठाण्यात गेले. टेबलावर सारख्या दिसणाऱ्या काही बंदुका मांडल्या होत्या. बाहेर मामाजींची बहीण जमिनीवर बसून रडत होती. साहेब म्हणाले, "सीतारामजी, यात तुमची आहे की नाही, हे तुम्हीच सांगा. मी काही सुचवणार नाही."

'नाही' म्हटले असते, तर भाचा सुटला असता. त्या क्षणी मामाजी काय म्हणतील, हे मलाही सांगता आले नसते. त्यांनी एका बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून हात फिरवला. तडा गेलेल्या जागी त्यांनीच कधीतरी तांब्याची तार आवळून बांधली होती. "हे माहीच होय, साहेब," ते म्हणाले आणि भिंतीला धरून खाली बसले. साहेबांनी त्यांना उठवले नाही. स्वतःच त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

नथ्थूला शिक्षा झाली. सुभद्राबाई वाचल्या, पण लंगडत राहिल्या. मामाजींनी बंदूक परत घेतली नाही. बहिणीने त्यांच्याशी अबोला धरला. साहेब तिच्या घरी दोनदा गेले. पहिल्यांदा तिने दार लावून घेतले. नथ्थू सुटून आल्यावर साहेबांनीच शब्द टाकून त्याला भाताच्या गिरणीत कामाला लावले, तेव्हा कुठे ती रक्षाबंधनाला आमच्या घरी आली.

या प्रकरणानंतर साहेबांनी जे काम हाती घेतले, ते आपणा सर्वांना परिचित आहे. जिथे जिथे त्यांची बदली झाली, तिथे त्यांनी परवानाधारकांना गावातच बोलावून बंदुका तपासल्या. नंबर सहज घासता येणार नाही अशा जागी, दस्त्याच्या आत दडणाऱ्या भागावर, पुन्हा ठोकून घेतला. बंदुकीच्या खुणा घरातल्या बायकांनाही माहीत हव्यात, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी मला गावोगावच्या सभांना नेले. बायकांपुढे उभी राहून मी आमच्याच घरची हकिगत सांगत असे. पवनीकडच्या एका सभेत एक म्हातारी उठून म्हणाली, "साहेब, आमची बी गेली हाय. पण पोरगा सांगू देत नाही." साहेबांनी सभा तिथेच थांबवली आणि तिच्या घरी चालत गेले. दिरंगाई त्यांना खपत नसे, आणि त्यापायी हाताखालच्या माणसांनी त्यांची बोलणीही पुष्कळ खाल्ली आहेत.

साहेब आता निवृत्त आहेत, साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. परवा भेटायला गेले, तर रक्तदाबाची गोळी हातात धरूनच मला विचारू लागले, "बाई, तिकडं कुणाची बंदूक गेल्याचं ऐकलं का?" वहिनी आतून म्हणाल्या, "हे असेच करून राहिले. आधी गोळी घ्या म्हणा त्यांले."

साहेब, वहिनींचे ऐकावे. आमच्या वाटची काळजी आपण पुष्कळ वाहिली. आता ती आम्हा शिकवलेल्यांवर सोपवावी. आपल्याला आणि वहिनींना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यातली दुपारची झोप तरी बिनघोर लागो, हीच माझी आणि आमच्या घरच्या सर्वांची मनापासून इच्छा.

— कुसुम हटवार