बशी बघून घ्या

दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मिस्त्री एक बशी उचलायचे, त्याच्या नाकासमोर पालथी करायचे आणि म्हणायचे, "बगून घ्या. काय ऱ्हायलंय का?"

कडेला टवका उडालेली, चहाची पांढरी बशी होती ती. वस्तू उघडली की प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चाक त्या बशीत जायचं. वायरीचं काम असेल तर जितके जोड तितके काळ्या नळीचे तुकडे आधीच कापून बशीत टाकायचे आणि एकेक उचलून उघड्या जोडावर चढवायचा. बशी रिकामी झाली की काम झालं. साताऱ्यात घड्याळं शिकताना ही सवय लागली. पुढे घड्याळं कमी होऊन मिक्सर, पंखे, कूलर यायला लागले, तरी बशी सुटली नाही.

दहिवडीच्या स्टँडसमोर त्यांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधे नुसता एक पत्रा, त्यामुळे त्यांची भांडणं मला आयती ऐकू यायची.

"आवं मिस्त्री, यष्टी लागली! द्या त्ये घड्याळ," एक रिटायर फौजी एकदा ओरडत होते.

"लागू द्या. आदी बशी बगा."

"तुमचं तुमी बगा की!"

"मी बगितली. मालकानं बगाय नगं?"

एसटी गेली. फौजी पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले आणि मिस्त्रींनीच त्यांना चहा पाजला. त्या बशीतून नव्हे, हे मी शपथेवर सांगते.

माझ्या धंद्याला मात्र ते धंदा मानतच नसत. "तुमचं बरं हाय ताई. कागुद चुकला तर दुसरा काडायचा."

चारेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी पत्र्यावर टकटक झाली. "ताई, जरा हिकडं या." गेले तर मिस्त्रींचा चेहरा उतरलेला. बशीत गव्हाच्या दाण्याएवढा काळ्या नळीचा एक तुकडा होता.

"असेल जास्तीचा," मी म्हटलं.

"जास्तीचा कवाच नसतो, ताई."

सकाळपासून त्यांनी एकच काम केलं होतं, माळावरच्या वस्तीतल्या एका म्हातारीचा लोखंडी कूलर. तिची लेक बाळंतपणाला आलेली, पत्र्याचं घर, पंधरा दिवसांचं बाळ उन्हानं तळमळत होतं. म्हातारीला परत नेणारा दुधाचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत होता. मिस्त्रींना दया आली, आणि जन्मात पहिल्यांदा बशी दाखवायची राहिली.

"येक जोड उगडा ऱ्हायलाय," ते म्हणाले. "लोखंडाला टेकला आन् पानी वतताना कुनी हात लावला तर..."

म्हातारीचा फोन बंद होता. मी शटर ओढलं आणि स्कूटी काढली. एरवी माझ्या मागे बसायचं म्हटलं तर मिस्त्री सतरा कारणं सांगत. त्या दिवशी बशी पिशवीत घालून ते निमूट मागे बसले आणि वीस किलोमीटर एकच बोलत राहिले, "दाबा ताई, दाबा." मलाही नको नको ते दिसत होतं. ओली बाळंतीण, ओला हात, लोखंड. एवढं सगळं डोक्यात घेऊन मी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती.

वस्ती दिसली, आणि त्या घराच्या दारात बायकांची गर्दी दिसली. मिस्त्रींनी माझा खांदा गच्च धरला. "संपलं," ते म्हणाले.

गाडी थांबायच्या आत ते उतरून पळाले. "हात लावू नगा कुनी!" ओरडत गर्दीतून घुसले आणि त्यांनी पिन उपसली. बायका दचकून बाजूला झाल्या, बाळ रडायला लागलं. अहो, वस्तीतल्या बायका नुसत्या कूलरच्या गार वाऱ्याला जमल्या होत्या.

मिस्त्रींनी कूलर उघडला. चार जोड होते. चारही झाकलेले. त्यांनी तीनदा मोजले.

"येवड्यासाटी आलासा व्हय?" म्हातारी हसली. "बसा, च्या घ्या."

त्यांनी पिशवीतून बशी काढून आधी तिच्यापुढे पालथी केली, मगच चहा घेतला. सगळे हसत होते. मीही हसले, त्याची मला आजही लाज वाटते.

परतताना मी म्हटलं, "झालं ना मिस्त्री? जास्तीचाच निघाला."

त्यांनी पिशवीतली बशी चाचपली. मग म्हणाले, "आज येक जास्ती कापला, ताई. उद्या येक कमी कापीन. बशी रिकामीच दिसंल. मी दावीन, आन् लोकं इस्वासानं बगतील."



दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विजेची कामं बंद केली. "घड्याळात चुकलो तर येळ चुकंल, मानूस जानार न्हाई." लोकांनी समजावलं, मी तर भांडले. ऐकले नाहीत. घड्याळं अशी कितीशी यायची? निम्मा दिवस रिकाम्या बशीसमोर बसून राहायचे. फक्त तो एक कूलर सोडला नाही. दरवर्षी होळी झाली की बशी घेऊन एसटीनं वस्तीवर जायचे, कूलर उघडायचे, जोड मोजायचे, बंद करून यायचे.

यंदाच्या थंडीत मिस्त्री गेले. झोपेतच गेले.

होळी होऊन आठवडा झाला असेल. म्हातारी बंद शटरपुढे उभी दिसली.

"मिस्त्री औंदा आलं न्हाईत. कूलर तसाच झाकून ठिवलाय. त्यांनी बगितल्याबिगर मी बटान दाबत न्हाई."

मी सांगितलं. ती पायरीवर बसली.  मी पाणी दिलं आणि म्हटलं, "आजी, पलीकडच्या गल्लीत एक पोरगा आहे, चांगलं काम करतो. त्याला पाठवते."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"त्यो बशी दावंल का?"