खुर्चीवरून उठवणारं गाणं

जगात जे आहे ते तसंच काहून आहे, हा प्रश्न एक दिवसही न सोडलेला माणूस जबलपुरात एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. हे वाक्य लिहून मी थोडा थांबलो, कारण सगळं जबलपूर काही मी पाहिलेलं नाही. पण गढ्यापासून सदरपर्यंत जेवढं पाहिलं त्यात मावसाजींसारखा दुसरा कोणी भेटला नाही, म्हणून वाक्य तसंच ठेवतो. मदन महल स्टेशनात गाडी शिरायच्या आधीच लोक सामान घेऊन काहून उभे राहतात, टांग्याचा घोडा चढावर मान खाली काहून घालतो, हे मावसाजी रस्त्यात थांबून पाहणार, मग टांगेवाल्याला विचारणार, आणि टांगेवाला चिडला तर घोड्याकडेच बघत राहणार. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि कॉलेजासाठी मावशीकडेच राहणारा. त्यामुळे बाजारात ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत ते सगळे प्रश्न माझ्याकडे येत. "तुमच्या पुस्तकात असेल, पाहा," असं ते इतक्या विश्वासाने म्हणत की मला नाही म्हणवत नसे. मी खरंच लायब्ररीत जाऊन शोधत असे. घोड्याच्या मानेबद्दल अजून काही सापडलेलं नाही.

मावसाजी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहेत. गोळे तयार झाले की ढिगातले थोडे उचलायचे, तपासायचे, आणि ते ठीक निघाले तर सगळ्या लॉटवर पासचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं की घरी आल्यावरही उतरत नसे. थंडीत हिरवा मटर घ्यायला गेले की ते टोपलीच्या तळातून एक, कडेची एक आणि मधली एक अशा शेंगा काढून सोलत. एकदा भाजीवाला वैतागून म्हणाला, "बाबूजी, मटर है, बम नहीं है." मावसाजींनी शांतपणे विचारलं, "खोले बिना तुमको कैसे मालूम?" भाजीवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला आणि स्वतःच एक शेंग सोलून पाहिली.

त्यांचा एक नियम होता. तपासायचा नग नेहमी ढिगातला सगळ्यात अवघड उचलायचा. तो पास झाला तर बाकीचे आपोआप पास. माझी मावसबहीण सुलूताई हिने सदरमधल्या एका पंजाबी मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मावसाजी मुलाला पाहायला गेले आणि मुलाशी बोललेच नाहीत. घरातली माणसंही ज्याला घाबरतात अशा त्याच्या चाचाजवळ जाऊन बसले. संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "लॉट चांगला आहे. चाचा तोंडाने शिव्या देते, पण चहा स्वतः उठून आणते."

मावशीने मात्र शिक्का मारला नाही. मुलगा वाईट आहे असं ती म्हणत नव्हती. तिला एकच गोष्ट लागली होती की सगळं ठरल्यावर तिला सांगितलं गेलं. मावशी फार बोलत नाही. एकदाच बोलली. "लग्नाला येईन. अक्षता टाकीन. रिसेप्शनमध्ये खुर्ची द्याल तिथे बसेन. बाकी माझ्याकडून काही मागू नका." त्या दिवशी सुलूताई मागच्या अंगणात मावसाजींच्या सायकलजवळ उभी राहून रडली. मी तिथेच होतो, जावं की थांबावं हे न कळून. ती म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे रिसेप्शनमध्ये सगळे नाचतात. आई तशी नाचणार नाही, मला माहीत आहे. पण ती एकदा त्या खुर्चीवरून उठली पाहिजे. नाहीतर मी जाईन तेव्हा ती बसलेलीच डोळ्यांसमोर राहील."

मावसाजींनी सायकलची घंटी एकदा वाजवली, जशी ते विचारात असले की वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडे निरोप धाडला की म्युझिकचं आम्ही पाहू.

ते स्वतः जन्मात नाचलेले नव्हते. आमच्या घराण्यात कोणीच नाचलेलं नव्हतं. पण हे कळल्यावर बाकी कोणी घाबरलं असतं तिथे त्यांचे डोळे चमकले. "माणूस गाणं ऐकून नाचते काहून, हे तुमच्या कॉलेजात शिकवतात का?"

"अजून नाही शिकवलं, मावसाजी."

"पुढल्या वर्षी असेल," ते म्हणाले, आणि सदरमधल्या रेडिओच्या दुकानातून थैलीभर रेकॉर्डं मागून आणली.

आता अवघड नग पाहिजे होता. मावसाजींनी मला आपादमस्तक पाहिलं. "आपल्या घरात मावशीच्या खालोखाल तूच घट्ट आहे. तू हलला तर समजू की काही दम आहे." मला स्टुलावर बसवलं, चपला काढायला लावल्या आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून माझ्या पायाच्या अंगठ्यांसमोर बसले. मी मुद्दाम हलायचं नाही आणि मुद्दाम थांबायचंही नाही, अशी ताकीद होती. हे किती कठीण आहे ते ज्याने केलं त्यालाच कळेल. लढाईचे ढग जमले होते आणि फॅक्टरीच्या रेंजवर दिवसभर गोळ्यांची चाचणी चालायची. धमाका झाला की फडताळातल्या ताटल्या वाजत आणि रेकॉर्डवरची सुई उडे. एका गाण्याच्या मध्यावर मावसाजी ओरडले, "हलला! डावा हलला!"

"धमाका झाला ना, मावसाजी."

"धमाक्याला उजवा काहून नाही हलला मग?"



एका रविवारी ते मला गढ्याला घेऊन गेले. तिथे एक बारात निघाली होती. कोणाची, ते आम्हाला माहीत नव्हतं. मावसाजी बँडच्या मागोमाग माणसांचे पाय पाहत चालू लागले, आणि मी त्यांच्या मागे, कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मनात जुळवत. एक म्हातारे गृहस्थ दातांत रुमाल धरून नाचत होते. मावसाजींनी त्यांना नाचतानाच गाठलं. "भैया, ये रुमाल दाँत में काहे के लिए?"

म्हाताऱ्याने रुमाल काढला. "मुँह खाली रहा तो बहू को गाली निकल जाएगी. शादी मेरी मरजी से नहीं हो रही." एवढं सांगून त्यांनी रुमाल परत दातांत धरला आणि आणखी जोरात नाचू लागले.

एव्हाना कोणीतरी आमच्या गळ्यात हार घातले होते आणि पत्रावळीवर पुऱ्या वाढल्या होत्या. परत येताना मावसाजी म्हणाले, "रागातही माणूस नाचू शकते. म्हणजे मावशीचा राग आड येऊन नाही राहिला. गाणंच चुकून राहिलं."

मग ते मावशीच्या मागे लागले, पण लपून. मावशी पोळ्या लाटत असली की बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लागे आणि मावसाजी दाराआडून तिच्या पावलांकडे पाहत. क्लॅरिनेट झाली, विलायती तुतारी झाली. लावणी लावली तेव्हा मावशीने पिठाच्या हातांनी येऊन सुई उचलली. पोवाडा लावला तेव्हा शेजारचे काका बाहेर येऊन ताठ उभे राहिले. मावशी नुसती पोळी उलटून म्हणाली, "अहो, पाय काय पाहून राहिले माझे? घसरायची वाट पाहता का?"

एवढ्यात बांगलादेशची लढाई सुरू झाली. कॉलनीतल्या सगळ्या खिडक्यांना काळे कागद लागले, रजा बंद झाल्या, पाळ्या लांबल्या. लग्नाची तारीख कोणी बदलली नाही, फक्त अंधार पडायच्या आत सगळं आटपावं म्हणून रिसेप्शन दुपारी ठेवलं. आणि दोन दिवस आधी निरोप आला की लाउडस्पीकर लावायचा नाही, कारण सायरन झाला तर तो ऐकू यायला पाहिजे. नियम बरोबरच होता. हॉलमध्ये मावसाजींनी रेकॉर्ड प्लेअर नुसताच लावून पाहिला. डबीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज आला. पहिल्या रांगेपर्यंतही तो धड पोचला नाही.

लग्न सकाळी लागलं. दुपारी काळे कागद लावलेल्या त्या अर्ध्या अंधाऱ्या हॉलमध्ये एका बाजूला आमची माणसं हात मांडीवर ठेवून बसली, दुसऱ्या बाजूला त्यांची माणसं, नाचायला आलेली आणि काय करावं ते न कळलेली. मधल्या खुर्चीवर मावशी. जरीची साडी, ताठ मान. सुलूताई स्टेजवरून मधूनमधून तिच्याकडे पाही आणि नजर काढून घेई. मावसाजी रेकॉर्ड प्लेअरवर वाकून एकेक रेकॉर्ड बदलत होते. तेवढ्यात त्यांच्या सेक्शनचा माणूस सायकलवरून आला. "साहब, लॉट खड़ा है. आपके बिना जाएगा नहीं."

मावसाजींनी स्टेजकडे पाहिलं. मग व्याह्यांना हात जोडले, फेटा काढून माझ्या हातात दिला. "रेकॉर्डं लावत राहा. आणि मावशीकडे लक्ष ठेव. काही झालं तर नीट पाहून ठेव, मला सगळं सांगावं लागेल." कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून ते गेले. दारातून एकदा वळून पाहिलं. मावशी बसलेलीच होती.

मी रेकॉर्ड लावली. पुढे जे झालं त्यात माझा काही हात नाही. मुलाकडची एक छोटी मुलगी आणि आमच्या शेजारची एक, दोघी कंटाळून खुर्च्यांच्या मधल्या जागेत आल्या आणि समोरासमोर उभ्या राहून, हातांची कैची करून गरगर फिरायला लागल्या. दोघींचं जमेना. एक बोटं धरे, दुसरी पंजा. पाय कुठे ठेवायचे यावर भांडण झालं आणि दोघी धपकन पडल्या. आता माझ्या मावशीचं एक आहे. तिच्यासमोर काही चुकीचं होत असलं की तिला बसवत नाही. पोळी वाकडी लाटलेली दिसली तर ती दुसऱ्याच्या घरातही लाटणं काढून घेते.

"अशी नाही धरत गं फुगडी!" मावशी उठली. "बोटं धरली की सुटतात. पंजा धर, पाय जोड."

पलीकडून मुलाची आई, जिला सगळे बीजी म्हणत, तीही उठून आली. "ना जी ना, ये तो हमारी किकली है. इसमें हाथ ऐसे नहीं आता."

"अहो बाई, पडतील ना त्या!"

"आपके हाथ से गिरेंगी."

"आमच्या गावात कधी कोणी पडलं नाही!"

"तो दिखाओ फिर," बीजी म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

मावशीने त्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, परत जाऊन बसेल. तिने पदर खोचला. दोघींनी हात धरले, पावलं जोडली, मागे रेलल्या आणि फिरल्या. बीजी अंगाने भारी, मावशी काडीसारखी. पहिल्या फेरीला मावशी जवळजवळ उचललीच गेली. मग वेग जमला. बांगड्या वाजू लागल्या, मावशीचा अंबाडा सुटला, तोंडाने पक् पक् असा फुगडीचा पकवा सुरू झाला, आणि दोन्हीकडची माणसं कधी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली ते कळलं नाही. सुलूताई स्टेजवरून शालू सावरत धावत आली. शेवटी दोघी बायका जमिनीवर बसल्या आणि मावशी चक्कर आल्यामुळे बीजींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली. मी तिला असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग हॉलमध्ये सगळे नाचले. मीही, थोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसाजी पाळीवरून परतले ते सायकल भिंतीला न लावताच माझ्यासमोर बसले. सुलूताई रात्रीच सासरी गेली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी तीन वेळा ऐकलं. कोण आधी उठलं? उजवा हात वर होता का डावा? हसताना आवाज झाला का? मग त्यांनी सगळ्यात मोठा प्रश्न विचारला. "तेव्हा गाणं कोणतं चालू होतं?"

मला खोटं सांगता आलं नाही. "कोणतंच नाही, मावसाजी. मी बदलायचं विसरलो. रेकॉर्ड संपली होती, सुई नुसती फिरत होती. खर्र, खर्र."

त्यांनी उठून हात पुढे केले. "दाखव."

अंगणात मी आणि मावसाजी हातांची कैची करून उभे राहिलो, घरातले दोन घट्ट नग. त्यांचे हात तेलकट आणि फार थकलेले होते. आम्ही अर्धी फेरी फिरलो आणि सायकलवर आदळलो. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती.

"अशी नाही धरत," ती म्हणाली. जवळ आली, त्यांचा डावा हात उजव्याखालून काढून नीट बसवला. मावसाजींनी विचारलं, "काल तू हसली म्हणे?"

"थांबून पाहायचं होतं तुम्ही," मावशी म्हणाली. मग त्यांच्या कपाळावरचं सुकलेलं कुंकू पदराने पुसलं आणि आत गेली.

लढाई संपली, काळे कागद निघाले, जावयांची बदली दूर पंजाबात झाली आणि बीजीही त्यांच्याबरोबर गेल्या. सुलूताईची पत्रं येतात, त्यात बीजींचा मजकूर मावशीसाठी वेगळा असतो. मी अजून कॉलेजात आहे आणि माणूस का नाचतो हे अजून कोणी शिकवलेलं नाही. मावसाजींनीही मला परत विचारलं नाही. रेकॉर्डं दुकानात परत गेली, फक्त एक त्यांनी विकत घेऊन ठेवली. संध्याकाळी कधी ती लावतात. गाण्याकडे त्यांचं लक्ष नसतं. गाणं संपतं, सुई खर्र खर्र फिरत राहते, आणि ते तसेच बसून राहतात, मान थोडी स्वयंपाकघराकडे वळवून.

"अहो, संपली ना ती. काढा," आतून मावशी म्हणते.

"काढतो," मावसाजी म्हणतात, आणि थोडा वेळ काढत नाहीत. मावशीही दुसऱ्यांदा सांगत नाही.